दीड तासाची ओवी, तासाची कॅसेट

शेळगावचा म्हस्कू बिरोबापुढं ओवी म्हणायला उभा राहिला की अंथुर्ण्याची मेंढरं चरायची थांबून शेळगावकडं तोंड करायची. सणसरच्या गुऱ्हाळावर एकदा त्यानं कानावर हात ठेवून आवाज लावला, तर चूल पेटायच्या आधीच काहिलीतला रस आटला, असं सणसरची माणसं सांगतात. सणसरची माणसं खोटं बोलत नाहीत, फार तर थोडा गूळ लावून बोलतात. आवाज कसा, तर रांजणात तोंड घालून बोलावं तसा. जड आणि सावकाश. म्हस्कूनं ओळ धरली की ऐकणाऱ्यानं तंबाखू मळावी, चुन्याची डबी शेजाऱ्याला द्यावी, भांडून ती परत घ्यावी, तरी ओळ आपली चालूच.

पुण्याच्या एका कंपनीनं त्याची दीड तासाची कॅसेट काढली. कंपनी दिवाळीला उघडली आणि शिमग्याला बुडाली. कॅसेट मात्र बारामतीच्या दीपकच्या हाताला लागली. दीपकच्या दुकानात पुढं उदबत्ती आणि देवाचा फोटो, मागच्या खोलीत एकाची दुसरी कॅसेट करणारी टेपं. दीड तासाची कोरी कॅसेट महाग, तासाची स्वस्त. दीपकनं डोकं चालवलं. टेपच्या मोटारीत एक बारका स्क्रू असतो, तो पिळला. टेप पळायला लागली आणि दीड तासाची ओवी तासात बसली. फक्त म्हस्कूचा आवाज उसासारखा चरकातून निघाला. रांजण गेला, पिपाणी उरली.

आणि लोकांना ती पिपाणीच आवडली! ट्रॅक्टरवाले ती लावून इतके सुसाट सुटायचे की ऊस तुटायच्या आधी कारखान्यावर पोचायचे. लासुर्ण्याच्या एका वरातीत ती वाजली, तर घोडा एवढा पळाला की नवरा दुसऱ्याच मांडवात जाऊन उभा राहिला.

म्हस्कूनं ती कॅसेट कधीच ऐकली नव्हती; रस्त्यात वाजली तर तो कानात बोटं घालायचा. त्याच्या घराण्याचा दंडक होता. बाप सांगून गेला होता, “म्हटलेली ववी देवाची. ती आपणच परत ऐकायची म्हंजी निवदाचं ताट आपणच चाटायचं.” बानूबाई, त्याची बायको, घरी टेप लावायची. हा अंगणात आला की खटकन बंद करायची.

“कशी झालीया गं?” तो विचारायचा.

“लई ग्वाड,” ती म्हणायची. म्हस्कूची छाती घोंगड्यात मावायची नाही.

मग एक दिवस दीपक फटफटीवर शेळगावला आला. “म्हस्कूतात्या, दुबई! तितल्या मराठी लोकांनी तुमची कॅसेट ऐकलीया. बापूसाहेब म्हणून मोठे माणूस हायत, कलाकार परदेशी नेत्यात. तुमालाच न्यायचं म्हणत्यात. बारामतीला या, एकदा समोर गाऊन दाखवा, की बसलात विमानात.”

म्हस्कूला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. तो मेंढरांशी बोलताना ‘दुबईला’ हा शब्द मध्ये घालायला लागला. जन्मभर लोकांनी मेंढक्या म्हणून हाक मारली; आता समुद्रापलीकडची माणसं त्याच्या आवाजासाठी खोळंबली होती. एवढं एक झालं की जन्माचं सोनं, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

बारामतीच्या मंगल कार्यालयात बापूसाहेब पांढऱ्या सफारीत बसले होते. म्हस्कूबरोबर दादासो आला होता, त्याचा झीलकरी. झीलकरी म्हणजे मागं उभं राहून मुख्य गायकाच्या ओळीचं शेपूट झेलणारा. दादासोनं ते काम तरुणपणापासून केलं होतं, आणि त्याचं नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं. बानूबाई बाहेर पायरीवर बसली.

चहा घेता घेता बापूसाहेब म्हणाले, “आमच्या धंद्याला कीड लागलीय ती चोरून कॅसेटी काढणाऱ्यांची. पुण्यात दोघांना मी स्वतः पोलिसात दिलं. हातात बेड्या घालून बाजारातून फिरवलं.”

दीपकचा चहा बशीत सांडला. “बरं केलंत साहेब,” तो म्हणाला. “मी तर पावती असल्याबिगर माल ठिवत न्हाय.”

म्हस्कू उभा राहिला. कानावर हात, डोळे मिटलेले. त्यानं बिरोबाच्या माळाची ओवी धरली. कार्यालयातली भांडी गुणगुणायला लागली. बापूसाहेबांनी पहिली ओळ संपायची वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं, मग दीपककडं.

“हा कोण?”

“म्हस्कू. कॅसेटवाला.”

“काहीतरीच काय! हा तर विहीर उपसतोय.” त्यांनी बॅगेतून टेप काढला आणि बटण दाबलं.

म्हस्कूनं जन्मात पहिल्यांदा आपली ओवी ऐकली. शब्द त्याचे, देव त्याचा, माळही तोच; आवाज मात्र चिमटीत धरलेल्या कोकराचा. तो टेपाच्या मागं वाकून पाहायला लागला. मग त्याला आठवलं. दीपकनं एकदा दुकानात हसत हसत सांगितलं होतं, स्क्रू पिळला की दीड तासाचा माल तासात बसतो. तेव्हा तोही हसला होता. त्याला वाटलं होतं, खोबऱ्याच्या तेलघाण्याचं काहीतरी चाललंय.

“साहेब, ह्यो माझाच आवाज हाय,” तो म्हणाला. “ह्यानं पिळलाय. दीपक, सांग की रं, तू स्क्रू पिळलास म्हनून.”

दीपकनं बापूसाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला बाजारपेठ दिसली, बेड्या दिसल्या, दोन्ही बाजूंना ओळखीचे दुकानदार दिसले.

“कसला स्क्रू?” तो म्हणाला. “तात्या, वय झालं आता तुमचं. मूळ कॅसेट अशीच हाय.”

“बिरुबाची आन घे!”

“घेतली,” दीपक म्हणाला. त्याला काय, तो बिरोबाचे फोटोसुद्धा विकत होता.

म्हस्कू दादासोकडं वळला. “दादासो, तू तरी बोल. तू हुतास की पुण्याला माझ्या मागं.”

 दादासो दोन पावलं पुढं आला, कानावर हात ठेवला आणि गायला लागला. पिपाणी! तीच घाई, तोच कोकराचा गळा. जत्रेत पोरं ओरडायची, “कॅसेटीवानी म्हना!” तेव्हा म्हस्कू त्यांना शिव्या घालायचा, दादासो मात्र उसाच्या फडात एकटा बसून शिकत होता.

बापूसाहेब खुर्चीतून उठलेच. “हाच तो! अरे, मग एवढा वेळ मागं काय उभा होतास?”

“मागंच उभं ऱ्हायची सवं हाय,” दादासो म्हणाला.

“ह्योच खरा म्हस्कू, साहेब,” दीपकनं घाईनं जोडून दिलं.

“खरा-खोटा तुमचं तुम्ही बघा. पोस्टरं छापून झालीत, तिकडं ह्याला म्हस्कूच म्हणायचं.” बापूसाहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी म्हाताऱ्याकडं पाहिलं. “एक जागा शिल्लक आहे. ह्याच्या मागं झील धरशील का?”

कुणाला वाटेल, म्हस्कू थुंकून निघून गेला असेल. नाही. दुबई त्याच्या पोटात फार खोल गेली होती. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या नावामागं उभं राहायला तो तयार झाला.

“धरतो,” तो म्हणाला.

दादासोनं थोडा विचार केला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

“नगं साहेब. ह्येचा आवाज लई जड हाय. माझी चाल मोडंल.”

बापूसाहेबांनी दादासोला तीच ओवी पुन्हा म्हणायला लावली आणि म्हस्कूला दार दाखवलं.

बाहेर बानूबाई पायरीवर उभीच होती. आतून ओवी ऐकता ऐकता तिनं कमरेची पिशवी मोकळी केली होती. म्हस्कू दिसताच तिनं ओंजळभर भंडारा त्याच्या कपाळाला फासला, उरलेला डोक्यावर उधळला. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

“बिरुबा पावला गं बाई!” ती सगळ्यांना सांगत सुटली. मग नवऱ्याकडं वळली, डोळे भरून आलेले. “एवढी वर्सं ऐकत्येय, पर आज जलमात पयल्यांदा न्यामका आवाज लागला बगा तुमचा. अगदी कॅसेटीवानी!”

आतली पिपाणी अजून चालूच होती. पण ती हातातला भंडारा पुसत इतकी बोलत होती, की तिला ऐकू गेलं नाही.