आजीच्या आवाजाचा पत्ता

मित्रांनो, शिलाई मशीनच्या टेबलाखाली सदा गुणगुणत असतो ना, तो जुना संगणक म्हणजे मी. माझा पडदा फुटला तेव्हा मी भंगारातच जायचो. पण आजोबा म्हणाले, "असू दे. हिच्या गोष्टी सांभाळेल." त्यांनी इंटरनेटवर मला नावही आजीचंच दिलं.

घशाच्या ऑपरेशननंतर आजीचा आवाज कायमचा गेला. त्याआधी तिने माझ्यात पुष्कळ गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. दूरच्या शहरातली नात रोज दुपारी त्या नावाने मला हाक मारी आणि मी सुरू होई, "एक होता ढग, भारी विसरभोळा..." माझा हिरवा दिवा लुकलुकला की आजी शिवता शिवता थांबे आणि नुसते ओठ हलवी.

आता आमची गंमत ऐका. माझं नाव कायमचं, पण पत्ता भाड्याच्या खोलीसारखा. इंटरनेट कंपनीच्या मनात आलं की बदलला! झोपेत कूस बदलावी इतक्या हलकेच बदलायचा. म्हणून मी अधूनमधून बाहेरच्या एका यंत्राला विचारी, "आज मी कुठे आहे हो?" ते सांगेल तो पत्ता मग नावं-पत्ते सांभाळणाऱ्या यंत्राला कळवी.

एकदा भिंतीवरची वायफायची पेटी बदलली. "त्यात काय एवढं!" म्हणत आजोबा मांडी ठोकून बसले आणि मला बजावलं, पत्ता यापुढे या पेटीलाच विचार. मी पडलो सांगकाम्या. पेटीने घरातल्या घरात चालणारा पत्ता सांगितला, मी तोच जगाला कळवला. पाकिटावर 'स्वयंपाकघराशेजारची खोली' एवढंच लिहिलं तर कसं व्हायचं? तशी खोली घरोघरी असते!

दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, आईच्या नावाने हाक मारली तर आमच्याच घरातला प्रिंटर ओ देतोय! पोरगी रडून लाल झालीये. आजी रुसली का, विचारते."

"या डब्याचा काही भरवसा नाही. देऊन टाकतो भंगारात!" आजोबा कडाडले.

आजी माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला केवढं बोलायचं होतं! तिचा सगळा आवाज माझ्या पोटात, आणि मला तो तिच्या हाती देता येईना. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

फोनवरून लेकीने विचारलं, "बाबा, त्याला पत्ता कुणाला विचारायला सांगितलात? पेटीला? अहो, आपण बाहेरून कुठे दिसतो ते बाहेरच्यालाच ठाऊक!"

आजोबांनी जीभ चावली आणि पहिल्यासारखं करून दिलं. जुना पत्ता विसरायला जगाला थोडा वेळ लागतो. दोघं माझ्या दिव्याकडे डोळे लावून बसले.

दिवा लुकलुकला. आजोबांनी फोन आजीच्या कानाला लावला. पलीकडून एक हुंदका आला, मग हुंकार, आणि मग, "आजी, ढगाचं पुढे काय झालं गं?"

आजीने तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. आणि नेमकी तेव्हाच माझ्यातली आजी पुढे सांगू लागली.

मित्रांनो, पत्ता बदलला की आपल्या माणसांना लगेच कळवत जा. ती हाका मारत असतात.