जमादार राऊळ यांची हवेतली गोळी

१८९५ सालच्या धुळवडीच्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, लालबागच्या नाक्यावर जमादार विठोबा राऊळ यांनी बंदुकीतून एक गोळी हवेत झाडली. बावीस वर्षांच्या नोकरीतली ही त्यांची पहिली गोळी.

दोन चाळींच्या शिमग्याच्या मिरवणुका नाक्यावर समोरासमोर आल्या होत्या. आधी कोणी वळायचे यावरून चिखल उडाला, मग शेण, मग दगड. एक दगड शिपाई धोंडू कासले याच्या खांद्याला लागला. दोन वर्षांपूर्वी शहरात दंगा झाल्यापासून या चौकीला सणासुदीला बंदूक मिळत असे आणि ती दिवसभर भिंतीला टेकून उभी असे. जमादारांनी ती उचलली, नळी आकाशाकडे केली, डोळे मिटले आणि चाप ओढला. नाका रिकामा झाला. मागे उरल्या बऱ्याच वहाणा, एक ढोल आणि एक झोपलेला कुत्रा.

"माणसावर रोखली नाहीत ते बरं केलंत," धोंडू म्हणाला.

"माणूस मारायला मी पोलिसात आलो नाही. आवाजानं काम होतं."

धोंडूने वर पाहिले. "पण जमादार, वर गेली ती खाली येणार कुठं?"

हा प्रश्न जमादारांना तोवर पडला नव्हता.

दहाच्या सुमारास घोडपदेवच्या बाजूने एक तिरडी आली. चार खांदेकरी, पुढे धुराचे मडके, मागे पंधरा-वीस माणसे. तिरडीवर पांढऱ्या चादरीत एक तरुण होता आणि चादरीवर छातीच्या जागी तळहाताएवढा लाल डाग.

धुळवडीला जिवंत माणसाला तिरडीवर घालून मिरवायचे आणि त्याच्या नावाने गळे काढायचे, ही गिरण्यांच्या वस्तीतली जुनी गंमत. तरुणपणी जमादार स्वतः दोनदा असे प्रेत झाले होते. पण सोंगात बोंबा असतात, शिव्या असतात, प्रेत मध्येच उठून तंबाखू मागते. ही माणसे मुकाट चालली होती.

"सोंग आहे, जमादार," धोंडू म्हणाला.

"सोंग आहे तर बोंबलत का नाहीत?"

जमादारांनी पगडी काढून काखेत धरली आणि तिरडीमागून चालू लागले. बंदूक खांद्यावरच होती, कारण ती चौकीत एकटी सोडायची नाही असा हुकूम होता.

तिरडीवाल्यांची बाजू खांदेकरी शिवा याने नंतर सांगितली. गोळीचा आवाज ऐकून त्यांनी नाका गुपचूप ओलांडायचे ठरवले होते, पलीकडे गेल्यावर बोंबलायचे. तेवढ्यात मागे बंदूक दिसली. "बोंबललो तर गोळी, पळालो तर गोळी. मग चालत राहिलो." प्रेताने, म्हणजे दगडू परब याने, मागे कोण आहे असे हळूच विचारले. उत्तर ऐकल्यावर तो श्वासही बेताने घेऊ लागला.

वाटेत सखुबाई कोळीण पाटी उतरवून थांबली. "कोन गेला?"

"माझ्या हातून गेला, बाई," जमादार म्हणाले.

सखुबाईने निरखून पाहिले. "गेला तं अंगठा का हालतो?"

"जीव जायला वेळ लागतो."

"तुमचा की त्याचा?" असे म्हणून तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

जमादार मागे असेपर्यंत थांबायची कोणाची छाती नव्हती आणि तिरडी चालत असेपर्यंत जमादार मागे फिरणार नव्हते. अशी सगळी मंडळी स्मशानाच्या फाटकाशी पोचली. तिथे कारकुनाने वही उघडून नाव, वय आणि मरणाचे कारण विचारले.

"कारण लिहा," जमादार म्हणाले, "जमादार राऊळ."

दगडू उठून बसला. "माझा नाव लिवू नको रे. उद्या माका गिरणीत जावचा आसा. मेलंय म्हणान कळला तर मुकादम दुसरो माणूस घेईत."

जमादारांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. बोटांना गुलाल लागला. त्यांनी दगडूच्या कानशिलात एक वाजवली आणि लगेच त्याला पोटाशी धरले.

दुपारी पोलिसातल्या गोऱ्या साहेबांसमोर जबानी झाली. साहेब मराठी शिकलेले होते.

"जमादार, हवेत मारायची नाही, हा हुकूम माहीत आहे? मारायची तर समोर, पायावर."

"समोर मारली असती तर माणूस पडला असता, साहेब."

"होय. आणि कोण पडला ते तुम्हाला कळलं असतं."

"ते मला कळायला नको होतं."

"आता कळून घ्या," साहेब म्हणाले. "गोळी कुठे पडली ते सांगितल्याशिवाय नाक्यावर उभं राहायचं नाही."

जमादार आणि धोंडू यांनी दोन दिवस कौले तपासली. फुटकी कौले पुष्कळ सापडली, गोळी नाही. मग जमादारांनी दुसरा मार्ग काढला. गोळी लागलेला माणूस कामावर येणार नाही, या हिशेबाने त्यांनी जवळच्या तीन गिरण्यांतून गैरहजर माणसांची नावे आणली. धुळवडीनंतर ती एकशे बारा निघाली. जमादार एकेकाच्या खोलीवर जातात, नाव विचारतात आणि चार पावले चालायला लावतात. काहींना चार पावले जमली नाहीत, पण कारण दारू होते. घरधनी आहेत का, असे विचारल्यावर रमाबाई कदम यांनी "असून काय उपयोग?" असे उत्तर दिले; त्यावरून कदम जिवंत धरले आहेत.

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत एकशे एक जण सापडले, सगळे जिवंत. अकरा जणांच्या खोल्यांना कुलपे आहेत. शेजारी म्हणतात, ते गावी गेले.