म्हस बसलीया

दूध संघानं पशुपालकांसाठी चॅटबॉट आणला होता. शेतकऱ्यानं ईमेल करायचा, बॉटनं मिनिटाभरात उत्तर द्यायचं. ही जोडणी नीट चालते का, हे तपासायचं काम रुबीनाकडं आलं. रुबीना शहरात, शाहूपुरीत वाढलेली. म्हैस तिनं पाहिली ती रस्त्यात गाड्या अडवून उभी राहिलेली, तेवढीच.

जोडीला सम्राट होता. तो कुठल्याही नावानं गावरान मेल ठोकायचा आणि पलीकडच्या टेबलावर हसत बसायचा. उत्तर आलं की रुबीना तक्त्यात खूण करायची. उत्तर काय आलं, याला तक्त्यात रकानाच नव्हता. साहेबांना जोडणी हवी होती, अक्कल नव्हे.

अकराच्या सुमाराला संयोगिता नावानं मेल आला, खाली गाव नि फोन नंबर: 'काल व्याल्याली म्हस सकाळधरनं बसलीया. काय करू?' बॉटनं लगेच कळवलं की म्हैस विश्रांती घेत आहे, तिला निवांत बसू द्यावे. सम्राटला आता बायकांचीही नावं सुचायला लागली, म्हणून रुबीनाला हसू आलं. तिनं खूण केली.

दोन तासांनी त्याच नावानं दुसरा मेल आला. 'तुमी सांगितल्यागत बसू दिली. आता मान टाकलीया.'

आता पुरे कर बाबा, म्हणत तिनं सम्राटला हाक मारली. त्यानं येऊन वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. हे मेल त्याचे नव्हते. बॉटचा पत्ता गावोगावच्या दूध संस्थांच्या फलकावर कालच लागला होता आणि या दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं. व्यालेली म्हैस बसली म्हणजे तिला उठता येत नाही, अंगातलं कॅल्शियम उतरतं, उशीर झाला तर जाते, हे त्यानं सांगेपर्यंत रुबीनानं मेलखालचा नंबर शोधला होता.

सम्राटनं तिच्या गावाजवळच्या, कागलच्या जनावरांच्या डॉक्टरांना पिटाळलं. रुबीनानं संयोगिताला फोन लावला, डॉक्टर निघालेत म्हणून सांगितलं. पलीकडची बाई भांडली नाही, तेच जड गेलं.

"सासूबाई तवाच डॉक्टरला बलवा म्हणत हुत्या. मीच आडवलं. तुमीच लिवलंसा न्हवं, बसू दे म्हणून?"

ते मशीननं लिहिलं, असं म्हणायला रुबीनानं तोंड उघडलं. पण मशीननं नुसतं लिहिलं होतं. वाचून हसली होती ती.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं. माझं चुकलं. डॉक्टर येईपर्यंत फोन ठेवू नका ताई, मी हाय."