जळकं ऑईल

"सहादेव, भाईर ये आधी!" गॅरेजच्या दारातून कानिफनाथ मिस्त्री ओरडला. मिरजगावच्या हायवेवरचे ट्रकसुद्धा त्या आवाजापुढे फिके पडले.

गॅरेजसमोरच्या चहाच्या हॉटेलातून सहादेव फडक्याला हात पुसत आला. "काय झालं रं?"

"बंड्याला ऑईल कुनी फासलं?"

बंड्या म्हणजे गॅरेजातला तांबडा कुत्रा. तो पोत्यावर पडून थरथरत होता, मानेपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट. चाटून चाटून जीभही काळी झाली होती आणि ओकारी थांबत नव्हती.

अंगावर गोल चट्टे पडून केस गळायला लागले, म्हणून कालच कानिफनाथने त्याला मोटरसायकलवर पुढे घेऊन जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गजकर्ण आहे, बुरशीचं. मलम लावा, हात धुवत जा. बरा होईल." बरा होणार होता हो! एवढीशी तर गोष्ट होती.

"मीच लावलं," सहादेव म्हणाला. "त्याला बघून गिऱ्हाईक उठून जात हुतं. खाजंला जळकं ऑईल लई गुनाचं. आमच्यात पयल्यापासनं लावत्यात."

"मला इचारायचं न्हाई? चाटून पोटात जातंय त्ये इख!"

"तुला काय इचारायचं? सकाळी ऑईलचा डबा तूच भरून दिल्ता की."

कानिफनाथने खरंच दिला होता. गाड्यांच्या इंजिनातून काढलेलं ऑईल मागेल त्याला तो देतच आला होता. कशाला हवंय, हे कधी विचारलं नव्हतं. राग मात्र उतरला नाही. उलट आणखी भडकला, आणि कुणावर काढावा तेच कळेना. त्याने हातातला पाना भिंतीवर फेकून मारला.

भांडी घासायच्या साबणाने त्याने बंड्याला धू धू धुतलं. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या गेला.

"गजकर्णाने कुत्रं मरत नाही हो," डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस रिकामा डबा घेऊन गॅरेजात आला. "मिस्त्री, जरा जळकं ऑईल द्या. कुत्र्याला लई खाज सुटलीय."

कानिफनाथने डबा भरला. मग त्यात बोट बुडवलं आणि त्या माणसाच्या तोंडासमोर धरलं.

"आधी तुमी चाटा."

"डोकं फिरलं का तुजं?"

"चाटा म्हन्तो ना!"

माणूस शिव्या देत निघून गेला. समोर सहादेव कपबशा विसळत होता. त्याने वर पाहिलं नाही. कानिफनाथने डबा परत ऑईलच्या पिंपात उपडा केला आणि कोपऱ्यातलं पोतं उचलून झटकलं. तांबडे केस उडाले. खाली मलमाची ट्यूब पडली होती, एकदाच दाबलेली.