पाच मीटर खोलीचं पाणी

खात्यात सगळे त्याला पारा म्हणत. तेहेतीस वर्षं त्याचं काम एकच. रोज दुपारी बाराला होडी वल्हवत तळ्याच्या मध्यावर जायचं, दोरीला बांधलेला तापमापक पाच मीटर खोल सोडायचा, तीन मिनिटं थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण ठोकलं, की असा नाकासमोर चालणारा माणूस खात्याला पुन्हा मिळणार नाही. पारानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट अशी, की शेवटची नऊ वर्षं तो होडीत बसलाच नव्हता. गुडघे गेले होते. होडीत पाय टाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दुसरं काम मागितलं तर 'बघू' असं उत्तर आलं, आणि बघणारा साहेबच बदलून गेला. मग पारानं आपला तोडगा काढला. पंपघराच्या तळघरात हौद होता, त्यात तळ्याचंच पाणी यायचं. तिथे खुर्ची टाकून तो तापमापक बुडवू लागला. पाणी तळ्याचं, तापमापक खात्याचा, वेळ बाराची, बिघडलं कुठे? बिघडलं एवढंच, की हौदाचा नळ तळ्याच्या अगदी बुडातून पाणी ओढायचा आणि बुडाचं पाणी भर उन्हाळ्यातही गार. आकडा एकदम उतरलेला कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पहिली दोन वर्षं त्यानं तो बेताबेतानं उतरवला. वहीच्या पानावर मात्र 'तळ्याचा मध्य, खोली पाच मीटर' असं छापलेलंच होतं.

त्याची मुलगी लहानपणी त्या होडीत बसायची. त्या वेडापायी ती शिकली आणि तळ्यांची शास्त्रज्ञ झाली. चाळीस तळ्यांच्या जुन्या नोंदी तिनं तपासल्या. एकोणचाळीस तापत चालली होती. बापाचं तेवढं थंड होत होतं.

"बाबा, तुमच्या नोंदी पक्क्या ना?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"डोळे मिटून विश्वास ठेव," तो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार होता?

तिनं हिवाळ्यात स्वतः मोजून पाहिलं. पाणी थंड निघालं. हिवाळ्यात कुठलं निघत नाही? तळाशी थंड झरे असावेत, असा तिनं निष्कर्ष काढला. वर्तमानपत्रांनी तळं डोक्यावर घेतलं. नद्या तापल्यामुळे नाहीसा होत चाललेला एक चंदेरी मासा होता, थंड पाण्याशिवाय न जगणारा. त्याची संवर्धन केंद्रात वाढवलेली शेवटची दहा हजार पिल्लं ह्याच तळ्यात सोडायची, असं ठरलं. पहिली बादली ओतायचा मान अर्थात पाराला.

त्या सकाळी मुलगी गाडी घेऊन आली. अर्ध्या वाटेवर त्याला राहवेना.

"पोरी, गाडी बाजूला घे."

त्यानं हौद, खुर्ची, गुडघे, सगळं सांगितलं. तिचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"किती वर्षं?"

"नऊ."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या आईलासुद्धा नाही. आज थांबव हे सगळं. मी सांगतो सगळ्यांसमोर."

"बाबा, तिथे मंत्री येऊन बसलेत. माझं नाव चार देशांत गेलंय. आणि झरे असूही शकतात, नाही कुणी म्हटलंय?" तिनं गाडी सुरू केली. "तुम्ही काही सांगितलं नाहीत. मी काही ऐकलं नाही."

आणि पारानं बादली ओतली. टाळ्या पडल्या. पिल्लं क्षणभर काठाशी घुटमळली आणि आत गेली. त्याच वेळी बोलला असता तर? पण जिभेला जणू कुलूप लागलं होतं, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

उन्हाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात मासे पोट वर करून तरंगू लागले. पारानं दात आवळून होडी काढली, मध्यावर गेला, पाच मीटर दोरी सोडली, तीन मिनिटं थांबला. तेवीस अंश. माशाला सतरापर्यंतच सोसत होते, आणि बुडाच्या गार पाण्यात त्याला पुरेल एवढा प्राणवायू नव्हता. वही नव्हती, म्हणून आकडा त्यानं तळहातावर लिहिला.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात मुलीचं निवेदन आलं. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं: "'जुन्या कर्मचाऱ्यानं चुकीच्या जागी मोजमाप केल्याचं आम्हाला मासे मेल्यानंतर समजलं.' अहो, जुना कर्मचारी म्हणजे तुम्हीच ना? सख्ख्या बापाला असं चव्हाट्यावर आणतात? आणि मेल्यानंतर समजलं म्हणजे? पिल्लं सोडून घरी आलात त्या दिवशी तुम्ही दोघं गाडीतून उतरलात ते एकमेकांकडे न बघताच!"

पारानं वर्तमानपत्र घेऊन घडी घातली.

"तिला बोलू नकोस," तो म्हणाला. "मी जागा खोटी लिहिली, तिनं तारीख. माझ्याच हाताखाली शिकलीय ती."