ढोल ऐकला की मासे सोडायचे

त्या दिवशी मी किसुमू शहरात गेलो होतो. होडीवरच्या दिव्यांच्या बॅटऱ्या टिकत नव्हत्या, त्या दाखवायच्या होत्या. परतीची गाडी आमच्या फाट्यावर थांबली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. रस्ता ओला होता. पाऊस पडून गेलाय हे कळलं आणि पहिला विचार आला तो वाळत घातलेल्या माशांचा. हे मी लपवत नाही. बायको आठवली ती नंतर, आणि तीही अशी की, तिने मासे वेळेवर उचलले असतील ना.

सरोवराच्या किनाऱ्यावर सगळ्या बायका उभ्या होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की रडणं पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जातं. म्हणून कुणी गेलं असेल असं मनातच आलं नाही. माझा मोठा भाऊ ओगुता पुढे आला. तो किनारा समितीचा अध्यक्ष आहे. त्याने माझा दंड धरला.

"आयेको, आवाज करू नकोस. वीज होती. विजेने नेलेल्या माणसासाठी रडलं की ती परत येते."

"कुणाला नेलं?"

तो बाजूला झाला. माझी बायको, अकेयो, वाळूवर तिच्या जाळ्याशेजारी पडली होती. मासे वाळवायचं ते जुनं जाळं तिने अर्धं गुंडाळलं होतं. तिच्या अंगावर कुणीतरी लांबूनच कापड टाकलं होतं. नीट पांघरलेलं नव्हतं, फेकलेलं होतं. एक पाय उघडा राहिला होता.

"कधी झालं?"

"साडेतीनच्या सुमाराला."

"आणि तेव्हापासून ती अशीच आहे?"

"हात कसा लावणार? अंगात वीज असते. आधी उतरवणारा माणूस यायला हवा."

मी तिथे बसलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि जितका आवाज होता तितक्या आवाजात रडलो. ओगुता मागे सरला. बायकाही मागे सरल्या. वीज काही परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मृत्यूचा दाखला लिहून घ्यायला गेलो. तिथली नर्स तरुण आहे, पण तोंडावर खरं बोलते. तिने विचारलं, "काका, वीज पडल्यावर किती वेळाने कुणी हात लावला?"

"मीच लावला. दीड तासाने."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "विजेने हृदय थांबतं. लगेच छाती दाबत राहिलं, तोंडाने श्वास दिला, तर काही माणसं उठतात. सगळी नाही उठत. अंगात वीज राहत नाही, काका. एक क्षणही राहत नाही."

"म्हणजे ती उठली असती?"

"ते मला सांगता येणार नाही."

मलाही सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. मी ते घेऊन घरी आलो.

आता माझं सांगतो. आमचा मासा म्हणजे ओमेना, बोटाएवढा, चांदीसारखा. होड्या अंधारात दिवे लावून तो पकडतात, सकाळी बायका तो विकत घेतात आणि वाळूवर पसरतात. दिवसभर ऊन लागलं तर माणसं खातात. दुपारी भिजला तर कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणून ढग आला की सगळं जग घरात पळतं आणि आमच्या बायका घरातून उघड्या वाळूवर पळतात. हातात टोपली घेऊन, ओणवं होऊन, पाण्याच्या काठाला. मग पाऊस वाढला की आंब्याखाली उभ्या राहतात. मी जन्मभर हे पाहिलं आणि मला त्यात वावगं दिसलं नाही.

मागच्या वर्षी एकदा अकेयो गडगडाटाला घाबरून घरात बसली आणि टोपल्याच्या टोपल्या भिजल्या. मी होडीवरच्या माणसांसमोर म्हणालो, "बाई घरात सुकली, मासे बाहेर भिजले." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर ढग आला की वाळूवर पहिली तीच असायची.

तिचं माहेर अलेगोकडचं. गावातल्या बायका तिला 'अलेगोची लेक' म्हणूनच हाक मारायच्या. तिला पुरायच्या दिवशी ओगुता म्हणाला, "खाडीपलीकडचा माणूस सांगितलाय. तो बकरा घेईल, वीज उतरवेल आणि कुणी पाठवली तेही सांगेल."

"कुणी पाठवलेली नाही."

"तुला काय माहीत?"

"दादा, तो उद्या तुरफोसा मावशीचं नाव घेईल, कारण ती म्हातारी आहे आणि तिचं तोंड वाईट आहे. मग तुम्ही तिचं घर जाळाल. मला बकराही नको आणि नावही नको."

"मग तुझी होडी या किनाऱ्याला लागणार नाही. समितीचं ठरलंय."

"समिती म्हणजे तूच ना?"



मोठा माणूस गेला की आमच्यात पुरून झाल्यावर पुरुष गुरं घेऊन, ढोल वाजवत निघतात आणि मृत्यूला घरापासून हाकलून देतात. आमच्या घरचा ढोल वडिलांच्या वेळचा आहे, माझ्याकडे असतो. मी तो खाली काढला. ओगुता म्हणाला, "बाईसाठी ढोल वाजत नाही."

"आज वाजेल."

कुणी बरोबर आलं नाही. मी ढोल गळ्यात अडकवला, दोन गायी सोडल्या आणि निघालो. गायींना सवय नव्हती. एक मक्यात शिरली, दुसरी माझ्याच मागे लागली. किनाऱ्यावर आपल्या चुलीशेजारी तुरफोसा मावशी वाळत घातलेले मासे उलटत होती. ती माझ्या आईच्या वयाची आहे. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा गं, हा मृत्यूला हाकलतोय आणि गाय याला हाकलतेय!"

बायका हसल्या. तीन दिवसांत मीही पहिल्यांदा हसलो.

"मावशी, मृत्यू कुठून येतो ते मला कळलंय," मी म्हणालो. "तिकडून." आणि मी पूर्वेकडचे डोंगर दाखवले.

"डोंगराला आता बकरा देतोस काय?"

"ऐक तर. सकाळी जमीन तापते, सरोवर तेवढं तापत नाही. म्हणून दुपारी वारा पाण्यावरून जमिनीकडे जातो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, धूर कुठे जातो ते तू रोज बघतेस. तो वारा सरोवराची वाफ घेऊन डोंगरावर चढतो. वर गार होतो, ढग फुगतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो आणि मग त्याचं डोकं सपाट होतं. डोकं सपाट झालं की तो तयार झाला. मग त्यातली गार हवा धपकन खाली पडते आणि उलटी आपल्याकडे धावते. आधी आपला वारा थांबतो. मग ओल्या मातीचा वास येतो. मग तो येतो."

"हे तुला नर्सनं सांगितलं?"

"नर्सनं छातीचं सांगितलं. हे तीस वर्षं होडीवरून बघतोय. होडी वाचवायला बघत होतो. तुमच्यासाठी कधी बघितलं नाही."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वारा थांबला की मी हा ढोल वाजवीन. ढोल ऐकला की मासे सोडायचे. आंब्याखाली जायचं नाही. वजन करायच्या शेडमध्येही नाही, तिला भिंती नाहीत. पाण्यात कुणी राहायचं नाही. समितीच्या विटांच्या खोलीत जायचं, दार लावायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. कुणाला वीज लागलीच, तर लगेच हात लावायचा. छाती दाबायची. कशी ते नर्स दाखवेल."

"खोलीला कुलूप असतं," एक बाई म्हणाली.

"किल्ली दादाकडे आहे. त्याला सांगू."

ओगुताने किल्ली दिली नाही. आत समितीची नवी जाळी होती, बायका आत शिरल्या तर हात लावतील, म्हणे. शिवाय माझं डोकं ठिकाणावर नाही, असंही तो चार माणसांत म्हणाला. माझी होडी मी शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लावत होतो. दुपारी मात्र रोज ढोल घेऊन इथे येऊन बसत होतो. ढोल मांडीवर आणि तोंड डोंगराकडे. पोरं मला 'ढगांचा चौकीदार' म्हणायला लागली.

पुरल्याला सोळा दिवस झाले होते. तीन वाजता मावशीच्या चुलीचा धूर सरळ वर गेला. डोंगरावरच्या ढगाचं डोकं सपाट झालेलं मी आधीच पाहिलं होतं. मी ढोल वाजवला.

बायका उठल्या आणि सवयीने माशांकडे पळाल्या. मी आणखी जोरात वाजवला. "सोडा! सोडा ते!" काही थांबल्या. काही जाळं गुंडाळतच राहिल्या. आणि लांब डोंगराकडे पहिला गडगडाट झाला.

ओगुता खोलीच्या दारासमोर उभा होता.

"किल्ली दे, दादा."

"लांब आहे अजून. मासे उचलायला वेळ आहे. इतक्या बायकांचा दिवस वाया घालवशील."

"गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज इथपर्यंत पोचू शकते. अकेयोवर पडली तेव्हा इथे पाऊससुद्धा नव्हता. चौकशीला आलेल्या पोलिसाला तूच सांगितलंस."

"समितीच्या परवानगीशिवाय..."

मी ढोल मावशीच्या हातात दिला. वाळूवरच्या एका होडीचा लोखंडी नांगर उचलला आणि कुलपावर घातला. तीन घाव लागले. ओगुताने मला अडवायला हात पुढे केला होता, मग मागे घेतला. दार उघडलं.

मावशी ढोल वाजवत होती. बाईने ढोल वाजवायचा नसतो. ती तो असा वाजवत होती की जाळं गुंडाळणाऱ्याही टोपल्या टाकून धावत आल्या. तिचे स्वतःचे मासे पसरलेलेच होते. मी मोजून सगळ्या आत घेतल्या. एकोणतीस. ओगुता बाहेरच, छपराच्या कडेला. मग पाण्यावर वीज कडाडली आणि तोही आत आला.

"अध्यक्ष, जाळ्यांना हात लावू नका हं," मावशी म्हणाली.

सगळी खोली हसली. तोसुद्धा हसला असावा, अंधारात नीट दिसलं नाही.

पाऊस लवकर संपला. ओगुता दाराकडे गेला तेव्हा मी आडवा आलो. "अर्धा तास." तो माझा मोठा भाऊ आहे, मी त्याच्या वाटेत कधी उभा राहिलो नव्हतो. तो खाली बसला. थोड्या वेळाने हळू म्हणाला, "मी त्या दिवशी तिच्यापासून दहा पावलांवर होतो, आयेको." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तेवढं मोठं मन माझ्याकडे अजून नाही.

बाहेर आलो तेव्हा माशांचा चिखल झाला होता. वीज किनाऱ्यावर कुठेच पडली नव्हती. ओगुताने लगेच ते दाखवलं. "बघ. काही झालं नाही. आणि माल गेला."

"गेला," मी म्हणालो. "एकोणतीस आहेत. मोजून घे."

"माझे कोंबड्या खातील," मावशी म्हणाली. "कोंबड्यांना टाकायला मी जिवंत आहे ना, मग झालं."

"आणि कुलूप?"

"नवीन लाव, दादा. तेही तोडीन."

त्याने नवीन लावलेलं नाही. बकऱ्याचा विषय परत निघालेला नाही. माझी होडी आता पुन्हा इथेच लागते. नर्स दोनदा येऊन गेली, तिने उशीवर छाती कशी दाबायची ते दाखवलं, मावशीने सगळ्यांत जोरात दाबली. ढोल आंब्यापासून लांब, खोलीच्या दारात टांगला आहे, आणि मी सरोवरात असलो तर जी पहिली धूर बघेल ती वाजवते. चार बायका अजूनही आधी जाळं गुंडाळतात. त्यांना मी अकेयोला म्हणालो होतो ते वाक्य सांगतो, आणि नंतर काय झालं तेही सांगतो.

नर्स म्हणते, विटांची खोली पुरेशी नाही. छपरावर तांब्याचा दांडा हवा आणि त्याची तार जमिनीत खोल गाडलेली हवी. तो दांडा अजून बसवायचा राहिला आहे.