पालखीपुढची गत

“साहेबाचं नाचगाणं देवाम्होरं न्हाय चालायचं,” जत्रा कमिटीचे अध्यक्ष विजयसिंह म्हणाले. ते देवळाच्या पायरीवर, आणि खाली उन्हात बँडवाला सोनबा, क्लॅरोनेट काखेत धरून.

“आज्यापास्नं वाजवतोय आमी. तवा चाललं न्हवं?”

“तवा ठावं न्हवतं.”

ठाऊक करून दिलं ते सोनबानेच. बारामती एमआयडीसीत नोकरीला असलेल्या त्याच्या पुतणीने, प्रगतीने, मोबाइलवर इंग्लंडातला एक व्हिडिओ दाखवला होता. शेतातल्या कोठारात बाया-गडी समोरासमोर ओळी करून, हात धरून, दोन पावलं पुढे-मागे करत, मग गिरकी घेत नाचताहेत आणि कडेला दोन म्हातारे व्हायोलिन वाजवताहेत. गत तीच! आज्याने पुण्याच्या लष्करात गोऱ्या बँडमास्तराकडून उचललेली, पालखीपुढे वाजणारी. सोनबाला काय आनंद झाला! “पयला तुकडा दोनदा, दुसरा दोनदा, की फिरून पयला. वाजवणारा दमत न्हाय बघ. त्यो म्हातारा बी माज्यावानीच पाय आपटतोय!” अख्ख्या गावाला त्याने व्हिडिओ दाखवला. गाव खूश होईल असं त्याला वाटलं. भोळा, दुसरं काय!

“मग ही क्लॅरोनेट कुणाची? तुमची पँट कुणाची?” सोनबा तडकला. “आमाला पायरी चढू देत न्हाय, त्ये चालतं. गतच तेवढी बाटली व्हय?”

“सोनबा, तोंड सांभाळ. स्पीकर सांगितलाय. तू बस घरी.”

सोनबा घरी बसला नाही. पालखी निघाली तेव्हा तो चौकात उभा होता. ट्रॅक्टरवरचे स्पीकर सिनेमाच्या चालीवरचं कसलंसं भक्तिगीत ओकत होते. भोई चौकात आले. दोन पावलं पुढे, दोन मागे, मग पालखीची सावकाश गिरकी. हुबेहूब व्हिडिओतल्यासारखी. ही पावलंही आज्यानेच त्या गतीबरोबर आणली होती. गत हाकलली, आणि नाच तेवढा ठेवून घेतला!

“मग पाय बी थांबवा की!” सोनबा जीव खाऊन ओरडला. “त्यो नाच बी साहेबाचाच हाय!”

स्पीकरच्या दणदणाटात कुणाला ऐकू जाणार? पालखीच्या दांडीला हात लावून विजयसिंहही डोळे मिटून मागे-पुढे होत होते.

भोयांच्या पावलांबरोबर सोनबाचे पाय आपोआप उचलले जाऊ लागले. त्याने टाचा मातीत रोवल्या, दातओठ खाल्ले, आणि पालखी समोरून जाईपर्यंत एक पाऊलही हलू दिलं नाही.